इराणी सायकेडेलिक रॉकची नवी एलपी घेतली आहे. टकटक तबकडीची आहे की माझ्या सुईची?

रंकाळावेस यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या दिवाळीत मुंबईच्या एका मित्राकडे कूरोश यघमाई यांचे ‘गोल-ए यख’ हे १९७३ मधले तेहरानचे गाणे ऐकले, आणि तेव्हापासून माझ्या घरची नाट्यगीते थोडी मागे पडली आहेत. फारसी मला येत नाही, पण ‘गोल’ म्हणजे आपला ‘गुल’ आणि ‘यख’ म्हणजे बर्फ एवढे मित्राने सांगितल्यावर, ऐन थंडीत फुलणाऱ्या त्या फुलाचे नाव गाण्याला का दिले असावे हे त्या संथ, उदास चालीवरून आपोआप समजले.

त्या भरात मी परदेशातील एका विक्रेत्याकडून (नाव घेत नाही) साठ-सत्तरच्या दशकांतील इराणी सायकेडेलिक, म्हणजे गुंगवणाऱ्या नादाच्या, गाण्यांच्या संकलनाची एक एलपी मागवली. मूळ किंमत, टपाल आणि सीमाशुल्क धरून ती मला साडेचार हजारांच्या आसपास पडली. कव्हरवर ‘१८० ग्रॅम’ असा सोनेरी शिक्का आहे. मागच्या बाजूला गाण्यांची नावे आहेत, पण प्रकाशनाचे वर्ष, कंपनीचा पत्ता, मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे आहेत, यांपैकी काहीही नाही. पुढचे छायाचित्र मोबाइलवरून काढल्यासारखे फुटलेले आहे.

माझ्या शंका तीन आहेत. पहिली अशी, की दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात नियमित अंतराने ‘टक… टक…’ असा आवाज येतो. तबकडी तीनदा धुतली, सुई साफ केली, पिकअपचे वजन दोन ग्रॅमवर आहे याची खात्री केली. त्याच सुईवर वडिलांच्या वेळच्या एचएमव्हीच्या तबकड्या व्यवस्थित वाजतात. दुसरी शंका अशी, की त्याच बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायक ऋषभावर येतो तेव्हा तो ऋषभ मला कोमलही वाटत नाही आणि शुद्धही वाटत नाही. आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकांत पुढे बसून ऐकलेला माझा कान तेवढा तरी शाबूत असावा, म्हणून विचारतो, की तबकडीचा वेगच चुकला आहे काय? आणि तिसरी शंका, जी मला सर्वांत जास्त टोचते आहे : ही वस्तू मुळात रीतसर परवान्याने काढलेली आहे का, हे घरबसल्या कसे ओळखावे?

साडेतेहेतीस यांचा प्रतिसाद

आपल्या पहिल्या शंकेची परीक्षा आपल्याच घरी, मोबाइलवरच्या घड्याळाच्या मदतीने होईल, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

आपली एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. या तबकडीवरच चरा असेल, तर सुई प्रत्येक फेऱ्यात त्यावरून एकदा जाणार आणि टकटक १.८ सेकंदांनीच ऐकू येणार. परंतु तेहरानमधील त्या काळचा हा बाजार प्रामुख्याने सात इंची, ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांचा होता. एका बाजूला एक गाणे, रंगीत कव्हर, आणि ‘आहंग-ए रूज़’सारख्या कंपन्यांची लेबले (त्यातला ‘रूज़’ म्हणजे आपला रोजचा ‘रोज’). ४५ फेऱ्यांच्या तबकडीला एका फेऱ्यास १.३३ सेकंद लागतात. तेव्हा आपण २० सेकंद टकटक मोजा. अकरा भरली, तर दोष आपल्या तबकडीत आहे. पंधरा भरली, तर तो चरा पन्नास वर्षांपूर्वीच्या कोणा अनोळखी तेहरानकराच्या छोट्या तबकडीवरचा आहे, आणि तिच्यावरून केलेली नक्कल आपल्या एलपीच्या खाचेत जशीच्या तशी कोरली गेली आहे. मग आपण ती तीनदा काय, तीस वेळा धुतली तरी तो जाणार नाही.

मात्र पंधरा भरली म्हणून लगेच ‘चोरीचा माल’ असा निकाल देऊ नका. १९७९ च्या क्रांतीनंतर हा सगळा व्यवसाय बसला. लोकप्रिय संगीताचे जाहीर कार्यक्रम थांबले, कंपन्या बंद पडल्या, पुरुषांसमोर बाईने एकटीने गाण्यास मनाई झाली, कलावंतांपैकी पुष्कळ जण लॉस एंजेलिसला गेले आणि मागे राहिलेल्यांना गप्प बसावे लागले. अशा वेळी मूळ मास्टर फीत (स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाची पहिली टेप) हाती न लागणे साहजिक आहे, आणि परवाना काढून काम करणाऱ्या प्रकाशकालाही कित्येकदा जुन्या छोट्या तबकडीवरूनच काम करावे लागते. फरक त्यानंतरच्या मेहनतीत पडतो. चांगला प्रकाशक एकाच गाण्याच्या चार-पाच प्रती गोळा करतो, त्यांतली कमीत कमी झिजलेली निवडतो, योग्य जाडीची सुई लावून ती उतरवतो आणि एकेक टकटक हाताने काढतो. आळशी माणूस एकतर सगळे तसेच ठेवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे संगणकाला ‘सगळी खरखर काढ’ असे सांगून मोकळा होतो. मग खरखरीबरोबर झांजेची किणकिण आणि तोंबक या इराणी तालवाद्यावरच्या बोटांचा पहिला आघातही जातो, आणि गाणे पाण्याखाली चालल्यासारखे ऐकू येते. मला विचाराल तर या दोघांपैकी टकटक ठेवणारा परवडला.

१८० ग्रॅमच्या शिक्क्याला फार किंमत देऊ नये. जाड तबकडी हातात घेतल्यावर बरे वाटते आणि ती सहसा वाकत नाही, एवढाच तिचा गुण. खाचेत काय कोरले आहे याच्याशी तिच्या वजनाचा काही संबंध नाही. खाचेतल्या आवाजाचे खरे भवितव्य एका बाजूला किती मिनिटांची गाणी कोंबली आहेत यावर ठरते. वीस मिनिटांच्या पुढे गेलात, की खाचा जवळजवळ येतात आणि आवाज दबवावा लागतो. शिवाय बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यातील ‘स’ आणि ‘श’ फाटतात. मूळ सात इंची तबकडीच्या कडेला हाच वेग सुमारे ४० सेंटिमीटर असतो. एकेका गाण्यासाठी ती छोटी तबकडी एलपीच्या आतल्या भागापेक्षा उजवी का ठरते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. दहा-बारा वेगवेगळ्या छोट्या तबकड्यांचे संकलन एका एलपीवर आणताना शेवटी कोणते गाणे ठेवायचे, हा म्हणूनच केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही.

आता परवान्याविषयी. इराण बर्न कराराचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराचा, सदस्य नाही आणि जागतिक व्यापार संघटनेचाही नाही. त्यामुळे इराणात प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाला बाहेरच्या देशांत आपोआप मिळणारे संरक्षण फारच तुटपुंजे ठरते, आणि विचारल्याशिवाय तबकडी काढणाऱ्याला कोर्टाची फारशी धास्ती राहत नाही. त्यात अमेरिकी निर्बंधांमुळे तेहरानमध्ये बसलेल्या कलावंताला रीतसर पैसे पाठवणे हेच एक दिव्य असते. म्हणजे इथे परवाना घेणारा माणूस तो मुख्यतः कायद्याच्या भीतीने घेत नाही, आणि म्हणूनच कव्हरवर तो कलावंताचे किंवा वारसांचे नाव, त्यांच्या मुलाखती, त्यांच्या घरची छायाचित्रे आवर्जून छापतो. त्या कष्टांचा पुरावा त्याला दाखवायचाच असतो. नुसती गाण्यांची यादी आणि पत्त्याची जागा कोरी असेल, तर त्याचा अर्थ आपण बरोबर लावला आहे. डिस्कॉग्स या तबकड्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर त्या आवृत्तीची नोंद शोधून ‘अनधिकृत’ असा शेरा आहे का, तेही पाहावे. लेबलाशेजारच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला क्रमांक त्या नोंदीशी ताडून पाहिला, म्हणजे शंका उरत नाही.

उदाहरण द्यायचे तर कूरोश यघमाई यांचेच देतो. शाहरूद येथे १९४६ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ लहानपणी संतूर वाजवत आणि पुढे गिटारकडे वळले. क्रांतीनंतर देश न सोडता तेहरानमध्येच राहिले आणि त्यापायी अनेक वर्षे त्यांना गाण्यावाचून काढावी लागली. लॉस एंजेलिसच्या नाउ-अगेन या कंपनीने २०११ मध्ये ‘बॅक फ्रॉम द ब्रिंक’ या नावाने त्यांची १९७३ ते १९७९ मधली गाणी त्यांच्या सहभागाने काढली, आणि २०१६ मध्ये त्यांचा ‘मलेक जमशीद’ हा नंतरच्या काळातला संग्रहही प्रकाशात आणला. गायक हयात आहे, त्याचा पत्ता सापडतो आणि त्याच्याशी बोलता येते, हे एकाने दाखवून दिल्यावर ‘शोधूनही कोणी सापडले नाही’ ही बाकीच्यांची सबब लंगडी पडते.

जुनी पिन यांचा प्रतिसाद

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यातील नैतिक सूर मला थोडा चढा लागला, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ऐंशीच्या दशकात आपल्याच कोल्हापुरात कोरी कॅसेट आणि हाताने लिहिलेली यादी दिली, की कॅसेट भरून देणारी दुकाने होती, आणि आपल्यापैकी कोणीही त्या दुकानदाराला संगीतकाराचा परवाना विचारला नव्हता. इराणात तर क्रांतीनंतर हे संगीत घरातल्या घरात, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवूनच जगले. गायक फरहाद मेहराद यांचे ‘जोमे’ हे गाणे ज्यांनी लपवून ठेवले, त्यांनी जर रीतसर परवान्याची वाट पाहिली असती, तर आज रिइश्यू (नवी आवृत्ती) काढायला काही उरले असते का? बेपरवाना संकलनांमुळेच बाहेरच्या जगाला या गाण्यांची पहिली चव मिळाली, हेही मान्य करायला हवे.

साडेतेहेतीस यांचा प्रतिसाद

आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. बंदी असलेले गाणे शेजाऱ्याला उतरवून देणाऱ्याने ते वाचवले, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि कॅसेट भरून घेणाऱ्यांच्या रांगेत मीही होतो. पण त्या व्यवहारात पाच-दहा रुपयांपलीकडे कोणाचा लाभ नव्हता. युरोपात बसून, सोनेरी शिक्का मारून, तीच कॅसेट ‘दुर्मीळ’ म्हणून हजारो रुपयांना विकणारा माणूस त्या शेजाऱ्याच्या पुण्याईवर हक्क सांगू शकत नाही.

आपण फरहाद यांचे नाव काढले म्हणून थोडे विषयांतर करतो. तेहरानच्या कूचीनी क्लबमध्ये ब्लॅक कॅट्स या वाद्यवृंदाबरोबर ते इंग्रजी गाणी गात असत. त्यानंतर १९७० च्या ‘रेज़ा मोतोरी’ या चित्रपटासाठी एस्फंदियार मोनफरेदज़ादे यांनी त्यांच्याकडून ‘मर्द-ए तन्हा’ गाऊन घेतले आणि फारसी रॉकला एक वेगळाच, जड आणि दुखरा आवाज मिळाला. या शीर्षकाचे भाषांतर मराठी वाचकाला करून सांगण्याची गरज नाही. सायकेडेलिक या शिक्क्याखाली हल्ली जे विकले जाते त्यात चित्रपटगीते, क्लबमधली नृत्यगीते आणि दक्षिणेकडच्या बंदरी ठेक्यावरची गाणी अशी सरमिसळ असते. तेहरानमध्ये त्या वेळी या सर्वांना कोणी एका नावाने ओळखत नव्हते. हे नाव पुढे संग्राहकांनी दिले, आणि कोणती गाणी निवडायची हेही त्यांनीच आपल्या आवडीने ठरवले.

तंतुकार मिरज यांचा प्रतिसाद

ऋषभाच्या शंकेकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. माझा व्यवसाय वाद्यांचा आहे, तबकड्यांचा नाही. पण एक गोष्ट निश्चित सांगता येईल. वेग चुकला असता तर सगळेच स्वर सारख्या प्रमाणात चढले किंवा उतरले असते, आणि स्वरांमधली आपसातली अंतरे जशीच्या तशी राहिली असती. तुम्हाला तो गायक फक्त पाव किंवा अर्ध्या पट्टीने वर किंवा खाली वाटला असता. एकच स्वर खटकतो, याचा अर्थ तो मुद्दाम तसा लावलेला आहे. इराणी संगीतात ‘शूर’ नावाचा एक प्रमुख दस्तगाह आहे. आपल्या थाट किंवा रागांग या कल्पनेच्या जवळपासची ती गोष्ट समजा. त्यातला दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध ऋषभाच्या मधोमध बसतो. स्वर असा पाव पट्टीने उतरवला, की त्याला ते ‘कोरोन’ म्हणतात आणि त्याचे चिन्ह अलीनकी वझीरी यांनी गेल्या शतकात स्वरलेखनात आणले. तुमच्या कानाने चूक पकडलेली नाही. शूर पकडला आहे.

गंमत अशी, की गिटारचे पडदे पक्के बसवलेले असतात आणि सप्तकात बाराच घरे असतात. त्यामुळे अनेक गाण्यांत साथीचे ऑर्गन आणि गिटार पाश्चात्त्य मायनर स्वरसप्तकातून सरळ चालतात, गळा मात्र मधल्या स्वराकडे झुकतो, आणि त्या ओढाताणीतून जी एक धूसर बेचैनी तयार होते तिला परदेशी श्रोते गुंगी म्हणतात. गिटारवर हा स्वर काढायचा तर तार ओढूनच काढावा लागतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने ते सरकवता येतात, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. इराणी गायक अब्बास मेहरपूया यांच्या गाण्यांत सतार ऐकू येते ती ऐका, म्हणजे फरक लगेच कळेल. ‘सेह-तार’ म्हणजे तीन तारा हे नाव तिकडून आले, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भोपळ्यांच्या सतारीला आम्ही मिरजेत जवारी (घोडी घासून आणलेला गुंजता नाद) लावली, आणि तिचाच नाद सत्तरच्या दशकात तेहरानच्या रॉकमध्ये पोहोचला. आमच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा हा उलटा प्रवास मला आठवला होता.

ठेक्याचे म्हणाल, तर तिकडच्या नृत्यगीतांतला ६/८ आपल्या दादऱ्याच्या मापाने मोजायला सोपा आहे, फक्त त्यांचा झोका निराळ्या ठिकाणी पडतो.

रंकाळावेस यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री, गल्लीतली वर्दळ थांबल्यावर, मुलीला घड्याळ घेऊन बसवले आणि मी मोजत गेलो. २० सेकंदांत पंधरा टकटक भरल्या. खात्रीसाठी तीन वेळा मोजले. दोनदा पंधरा, एकदा चौदा, आणि ती चौदाची वेळ माझ्या मोजणीच्या चुकीची असावी. त्यानंतर आतल्या कड्यावरचा क्रमांक भिंगातून वाचून डिस्कॉग्सवर शोधला. नोंद सापडली, आणि तिच्यावर तो ‘अनधिकृत’ शेरा आहेच.

खरे सांगायचे तर राग येण्याऐवजी मला त्या टकटकीविषयी थोडी आपुलकीच वाटू लागली आहे. कोणीतरी ती छोटी तबकडी इतक्या वेळा लावली असेल, की एके दिवशी हात घसरला. पण साडेचार हजार रुपये ज्याच्याकडे गेले त्याच्याविषयी आपुलकी वाटत नाही. विक्रेत्याला पत्र पाठवले आहे. ‘जुन्या संगीताचे ते वैशिष्ट्यच आहे’ असे उत्तर आले. शेवटचे गाणे तंतुकारांच्या प्रतिसादानंतर पुन्हा ऐकले आणि तो ऋषभ आता खटकत नाही. उलट ऑर्गनच बोथट वाटतो.

दोन गोष्टी अजून विचारतो. पुढची खरेदी कोणती करावी? आणि माझ्या धाकट्या काकांकडे जुना रेकॉर्ड चेंजर (एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारा प्लेअर) आहे. तो अजून चालतो. त्यावर अशा नव्या तबकड्या लावल्या तर चालतील का?

साडेतेहेतीस यांचा प्रतिसाद

दुसऱ्याचे उत्तर आधी आणि स्पष्ट देतो : लावू नका. त्या काळच्या चेंजरमधील सिरॅमिक पिकअप पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतात आणि त्यांची सुई बहुधा कित्येक वर्षांत बदललेली नसते. तुमची दोन ग्रॅमची सुई ज्या खाचेतून अलगद जाते तीच खाच ती नांगरून काढील. काकांकडे ७८ च्या तबकड्या असल्या तर त्या खुशाल लावा, पण त्यांच्यासाठी वेगळी, जाड टोकाची सुई असते हे विसरू नका. आणि त्या लाखेच्या तबकड्या पावसाळ्यात बुरशी धरतात म्हणून स्पिरिटने पुसायला जाऊ नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

खरेदीचे म्हणाल, तर ‘बॅक फ्रॉम द ब्रिंक’ पहिली घ्यावी. एकाच माणसाची सहा-सात वर्षांतली वाटचाल सलग ऐकायला मिळते आणि सोबतची पुस्तिका वाचण्यासारखी आहे. ‘गोल-ए यख’चे शब्द मेहदी अखवान लंगरूदी या कवीचे आहेत. हेच गाणे अमेरिकी रॅपर नास यांनी २०१८ मध्ये आपल्या एका गाण्यासाठी उचलले, तेव्हा नव्या पिढीला ते तिकडून कळले. त्यानंतर संकलन हवे असेल तर मँचेस्टरच्या फाइंडर्स कीपर्सचे २००९ चे ‘पोमग्रॅनेट्स’ पाहा; त्यात इराणी गायिका गूगूश यांचा आवाज आहे. क्रांतीनंतर २००० साली देशाबाहेर पडून टोरांटोला गाईपर्यंत या बाईंनी एकही जाहीर कार्यक्रम केला नव्हता, हे लक्षात ठेवून ती बाजू लावा. साठच्या दशकातील गिटारवाल्या पोरांच्या वाद्यवृंदांची गाणी ‘रक्स रक्स रक्स’ या संकलनात आहेत; त्यांचा आवाज ओबडधोबड आहे, पण माझ्या मते गंमत तिथे सर्वांत जास्त आहे.

तुमची सध्याची एलपी मात्र टाकून देऊ नका. विक्रेत्याने परत घेतली नाही तरी ती दुसऱ्याला विकू नका, एवढेच सांगतो.

जुनी पिन यांचा प्रतिसाद

विकू नका, पण एकदा घेऊन या. रविवारी सकाळी आमच्याकडे राजारामपुरीत चार जण जमतो, चहा असतो, आणि माझ्याकडे चौदाची पंधरा करणारे स्टॉपवॉच आहे. तंतुकार मिरजेहून येणार असतील तर त्यांनी सतार आणावी. तो मधला ऋषभ पडदा सरकवून समोर ऐकायचा आहे.

तंतुकार मिरज यांचा प्रतिसाद

येतो. पण रविवारी सकाळची पॅसेंजर वेळेवर आली तर दहापर्यंत, नाहीतर तुमचा चहा होऊन जाईल.